नारळाचं पाणी आणि गोरेगावची लाईन

गोरेगावच्या पोस्टात टेलिफोनवर बसणाऱ्या नर्मदानं संतरामला आधी कानानं ओळखलं, डोळ्यांनी मागाहून.

"हॅलो... बाई, ऐकू येऊन राहिलं का?"

"येतंय. पण लई बारीक. कुठून बोलून राहिले तुमी?"

"खांबावरून. खाली बाभळी हायेत, तवा जरा लवकर बोला."

तिला हसू आलं, पण हसायचे दिवस नव्हते. दसऱ्यापासून हिंगोलीची लाईन अशी मंदावली होती, की तासात चार ट्रंककॉल व्हायचे तिथं एक धड होईना. एकेक शब्द तीनतीनदा ओरडावा लागे. आडतवाले अर्ज देऊन मोकळे झाले : बाईच ढिली आहे. सोमवारी साहेब चौकशीला येणार होते अन् नर्मदाची नोकरी अजून कच्ची. ती गेली की साखऱ्याला बापाच्या घरी परत, अन् मग येईल त्या स्थळाला मान डोलवायची.

लाईनमन संतराम रोज एक टप्पा तपासायचा. खांबावर चढून तार जोडायची, तिला हाक द्यायची. काम दोन मिनिटांचं, बोलणं वीस मिनिटांचं होऊ लागलं.

"आज जेवलात काय?" एकदा त्यानं विचारलं.

"हे तपासणीत येतं व्हय?"

"येतं ना. उपाशी माणसाचा आवाज बारीकच येणार."

शनिवारी शेवटचा खांबही चांगला निघाला अन् संतराम पोस्टात आला. उन्हानं रापलेला, उंच... आणि खांबावर एवढा बडबडणारा गडी समोर बसल्यावर मुका! नर्मदानं पाण्याचा तांब्या पुढं केला. बोटांना बोटं लागली. दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं, जणू तिथं कोणी बोलावलं होतं.

"आता एकच राह्यलं," तो म्हणाला.

आभाळातली वीज तारेवाटे खोलीत शिरू नये म्हणून भिंतीवर एक पेटी होती. तार तिच्यातूनच आत यायची. त्यानं पेटी वगळून तार सरळ टेलिफोनला जोडली, अन् हिंगोलीचा माणूस शेजारी बसल्यागत बोलला.

पेटी उघडली. आतले स्क्रू हिरवे पडलेले, चिकट; आवाज इथंच जमिनीत मुरत होता. संतरामनं बोटाला लागलेलं हुंगून पाहिलं.

"दसऱ्याला तुमी गावी होता. मी इथं हत्यारांची पूजा केली. हिच्यावर नारळाचं पाणी शिंपडलं... मीच."

नर्मदानं दाराकडं पाहून आवाज खाली आणला. "पावसानं ओल धरली, असं लिहा. कोण विचारतंय?"

"साहेब विचारतील, बाईला ओल दिसली न्हाई काहून? तुमच्या माथी येईल."

त्यानं रजिस्टर ओढून लिहिलं : चूक माझी, ऑपरेटरची नाही. खाली पूर्ण नाव.

"तुमची बदली करतील," ती हळूच म्हणाली.

"करू द्या. चूक केली तर बराबरच हाय. फक्त... रोज तुमचा आवाज ऐकायची सवय झाली, तिचीच तकलीफ."

नर्मदाचे डोळे भरून आले. जीव जडला होता, आता लपवून काय उपयोग?

"उद्या रविवार. माझे बाबा तातेराव घरीच असतात, साखऱ्याला. बदलीचा कागद यायच्या आत जाऊन भेटा त्यांना."

संतराम गडबडला. "काय... काय सांगू?"

"रजिस्टरात लिहिलं तेच सांगा. माझ्यासाठी सरळ माणूस पाहून राहिले ते, दोन वर्षं झाली." तिनं पदर सावरला अन् पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. "त्यांचं पाहणं चालू हाय. माझं झालं."