पाचवा पाइप

सांडपाणी खात्यात त्याला सगळे कलमदादा म्हणत. सार्वजनिक गटारात काय सोडायचं आणि काय नाही, याचे त्रेचाळीस नियम त्याला तोंडपाठ होते आणि ते म्हणून दाखवायला त्याला निमित्त लागत नसे. कार्यालयात कुणी चहाचा चोथा बेसिनमध्ये ओतला की मागून आवाज यायचा, "कलम सहा. घन पदार्थ." हॉटेलात जेवायला गेला तरी आधी मागचं चेंबर बघून येतो आणि मग हात धुतो, अशी त्याची ख्याती होती.

काम तसं सरळ होतं. हॉटेलं, गॅरेज, लाँड्र्या यांच्या दारातल्या चेंबरची झाकणं उचलायची, पाण्याचा नमुना घ्यायचा, उष्णता मोजायची आणि बाटली प्रयोगशाळेत द्यायची. पाणी पंचेचाळीस अंशांपेक्षा गरम नको, तेलाचा तवंग नको, आम्ल नको, मीठ प्रमाणाबाहेर नको. नमुन्याची बाटली लांब काठीला बांधून अंधारात सोडावी लागते. आत धड दिसत नाही, म्हणून कानावर भरवसा ठेवायचा. रिकाम्या बाटलीत पाणी पडतं तेव्हा आवाज जाड असतो. बाटली भरत जाते तसा तो बारीक होत जातो, आणि अगदी शिटीसारखा झाला की काठी वर ओढायची. सव्वीस वर्षांत कलमदादाची एकही बाटली ओसंडली नव्हती.

त्या महिन्यात शुद्धीकरण केंद्रातून तक्रार आली. तिथल्या टाक्यांमध्ये घाण खाणारे जंतू पाळलेले असतात, ते मरू लागले होते. पाण्यात मीठ वाढलं होतं. एकेक चेंबर मागे जात माग काढला, तो एका गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला. त्या गल्लीत भरपूर पाणी वापरणारं एकच ठिकाण होतं, आणि ते म्हणजे कलमदादाच्या सख्ख्या बहिणीची लाँड्री.

साहेबांनी फाइल त्याच्यासमोर ठेवली. "शुक्रवारपर्यंत उगम सापडला आणि मीठ थांबलं तर ठीक. नाहीतर कलम एकतीस लावून लाँड्रीची जोडणी तोडायची. तुम्हाला जड जाणार असेल तर दुसऱ्या कुणाला देतो."

"नको. मीच बघतो," तो म्हणाला.

ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि तो चार. त्या दिवशी सगळं घर रडत होतं आणि ताई मोरीत बसून आईची चादर धूत होती. त्याने रडायला तोंड उघडलं तर तिने ओल्या हातांनी त्याला जवळ ओढलं आणि म्हणाली, "आधी दूध पी. रडायचं नंतर बघू." तिच्यापुरतं ते 'नंतर' कधी उजाडलंच नाही. वडील गेले, सातव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं, नवऱ्याने दुसरं घर थाटलं. ताई दर वेळी बाह्या सरसावून कामाला लागली. ताईच्या डोळ्यांना नळ बसवायचा राहून गेला, अशी घरात चेष्टा चालायची, आणि त्यावर सगळ्यात मोठ्याने तीच हसायची. त्या लाँड्रीवर तिने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. लाँड्री बंद पडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून ताई काय करील, हे काही त्याच्या डोळ्यांपुढे येईना. नियम मोडायचा नाही आणि ताईलाही मोडू द्यायचं नाही, एवढं त्याने मनाशी ठरवलं.

बुधवारी सकाळी दहा वाजता तो आणि मुकादम गल्लीत पोचले. मुकादम खात्यात त्याच्याहूनही जुना, चौतीस वर्षं गटारात उतरलेला माणूस. दोघांनी मिळून झाकण सरकवलं.

नकाशात त्या चेंबरला चार पाइप येऊन मिळत होते. तीन घरांचे तीन आणि एक लाँड्रीचा. कलमदादाने टॉर्च मारून मोजले. पाच भरले. पुन्हा मोजले. पाचच.

पाचवा सगळ्यात खाली होता, मनगटाएवढा जाड. तो बसवताना कुणी विटा फोडल्याची खूण नव्हती. विटाच त्याच्याभोवती वळल्यासारख्या दिसत होत्या. त्यातून पाण्याची एक धार पडत होती, पिण्याच्या पाण्याइतकी स्वच्छ.

"हा कुणाचा?"

"हे चेंबर मी तीनदा साफ केलंय," मुकादम म्हणाला. "हा नव्हता."

"नजरेतून सुटला असेल."

"कलमदादा, आपली जीभ तोंडातले दात मोजते ना, तशी आम्ही भोकं मोजतो. नव्हता म्हणजे नव्हता."

नियमाप्रमाणे बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून चौथ्यांदा भरली. थर्मामीटर बुडवला. सदतीस अंश. दुपारी पुन्हा मोजलं, उन्हाने रस्ता तापला होता तेव्हा. सदतीस. संध्याकाळी गार वारा सुटल्यावर पुन्हा. सदतीस. त्या पाण्याला कसलाच वास नव्हता. मुकादमाने नाकावरचा रुमाल केव्हाच खाली घेतला होता, हे कलमदादाच्या उशिरा लक्षात आलं.

कुठलं पाणी कुठून येतं ते शोधायला खात्याकडे एक हिरवा रंग असतो. घराच्या मोरीत चमचाभर ओतायचा आणि चेंबरवर बसून बघायचं. तिन्ही घरांत ओतला, तीन पाइप हिरवे झाले. लाँड्रीत ओतला, लाँड्रीचा पाइप हिरवा झाला. पाचवा स्वच्छच राहिला.

गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेतल्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. बाटली त्यांच्या टेबलावर होती.

"कलमदादा, हे आणलंत कुठून? साबण नाही, तेल नाही, केमिकल नाही. मीठ आहे आणि थोडी प्रथिनं आहेत. जंतू मारणारं काहीतरी आहे, पण ते बाटलीत मिळतं तसलं नाही."

"मग कसलं?"

"माणसाच्या अंगात असतं तसलं." बाईंनी बाटली उजेडात धरली. "एका माणसाच्या अंगातून असं पाणी निघतं ते थेंब-थेंब. तुम्ही म्हणता दिवसाला हजार लिटर." त्यांनी बाटली त्याच्याकडे सरकवली आणि त्या हात धुवायला निघून गेल्या.

तिथून तो थेट लाँड्रीत गेला. मुकादम बाहेर उघड्या चेंबरपाशी घड्याळ आणि वही घेऊन बसला होता. धार कधी वाढते, कधी कमी होते, ते टिपायचं होतं. आत दोन्ही मशिनं बंद होती. ताई इस्पितळातून धुवायला आलेल्या चादरींना इस्त्री करत होती. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"काय म्हणतो तुझा साहेब? टाळं ठोकणार?"

"तशी वेळ नाही यायची."

"आली तर आली. इस्त्री घेऊन दारात बसेन. तुझं कलम इस्त्रीला लागत नाही ना?" ती हसली.

ढिगातून तिने पुढची चादर ओढली. ती लहान होती, तान्ह्या बाळाच्या पाळण्यातली. ताईने तिची घडी घातली. मग उलगडली. मग पुन्हा घातली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"आलं!" बाहेरून मुकादम ओरडला. "दादा, जोरात आलं! चेंबर भरतंय!"

ताईने ती चादर बाजूला ठेवली, मोठी चादर घेतली आणि हल्ली सूत किती हलकं येतं त्याबद्दल बोलू लागली.

"ओसरलं," बाहेरून आवाज आला.

कलमदादाने बाजूला ठेवलेल्या लहान चादरीकडे पाहिलं. त्याने कप खाली ठेवला. असे योगायोग होतात, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि बाहेर आल्यावर मुकादमाची वही मात्र मागून घेतली नाही.

"बूच मारू," तो म्हणाला.

मुकादमाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "वाहती लाइन बुजवायची नाही. कलम बारा. तुम्हीच आमच्याकडून घोकून घेतलंय, आधी उगम आणि मग बूच."

"उद्या शुक्रवार आहे, मुकादम."

"पाणी आपली वाट सोडत नाही. ही बंद केलीत तर दुसरी शोधेल."

"शोधू दे. लाँड्री तरी वाचेल."

सव्वीस वर्षांत त्याने मोडलेला तो पहिला नियम. अंगावर रबरी पोशाख चढवून तो स्वतः खाली उतरला. पाणी दुसरीकडे कुठे फुटलं तर ओळखू यावं, म्हणून अख्खी बाटलीभर हिरवा रंग त्याने नळीने पाचव्या पाइपात आत लोटला. मग रबरी बूच बसवून स्क्रू आवळला. धार थांबली. बूच कुणीतरी आतून ओढून घ्यावं तसं किंचित आत गेलं आणि घट्ट बसलं.

शुक्रवारी पाण्यातलं मीठ प्रमाणात आलं. साहेबांनी उगमाचं न विचारताच फाइल बंद केली. ताईने सगळ्या खात्याला चहा पाठवला.

पुढच्या आठवड्यात ताईची अंगठी बोटात रुतली. साबण लावूनही निघेना. मग चपला होईनाशा झाल्या. पायावर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तो भरून यायला बराच वेळ लागायचा.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय ठणठणीत, मूत्रपिंडं ठणठणीत. वजन मात्र तीन आठवड्यांत अकरा किलोंनी वाढलं होतं.

"खाल्लेलं अंगी लागतंय एकदाचं," ताई म्हणाली. पण ती जिना उतरताना अर्ध्या भरलेल्या कॅनसारखा आवाज येत होता. तो तिनेही ऐकला असावा, कारण दुसऱ्या दिवसापासून ती कठडा धरून एकेक पायरी सावकाश उतरू लागली.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी तिने त्याच्यापुढे उशीचा अभ्रा टाकला.

"माझ्या हातून न निघालेला डाग नाही, तुला माहीत आहे. हा बघ. तीनदा धुतलाय."

पांढऱ्या अभ्र्यावर, झोपल्यावर डोळ्याचा कोपरा टेकतो तिथे, मुगाच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका होता. उजेडात तो चकाकत होता. असा हिरवा रंग फक्त खात्याकडे मिळत होता.

तो धावतच सुटला. मुकादमाला फोन केला, चेंबर उघडलं, पोशाख न चढवताच खाली उतरला. स्क्रू सैल केला. बूच अलगद त्याच्या हातात आलं.

मागे भोक नव्हतं.

जुन्या विटा होत्या. विटांवर शेवाळ होतं आणि शेवाळावर बुचाचा गोल ठसा होता.

"फोडा," तो ओरडला. मुकादमाने छिन्नी लावली. वीट निघाली. मागे माती होती, कोरडी. हातभर खणलं, तरी कोरडीच. पण हात लावला तर ऊबदार लागत होती.

"चला वर, दादा," मुकादम हळूच म्हणाला. "इथे काही नाही."

तो लाँड्रीत परतला तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती. मशिनं बंद होती. ताई खुर्चीत बसली होती, हात मांडीवर ठेवून. एवढी स्वस्थ बसलेली ताई त्याने जन्मात पाहिली नव्हती.

"सापडला का तुझा पाइप?"

तो तिच्यापुढे खाली बसला. त्याच्या गुडघ्यांना चिखल होता. "ताई, माझं एक ऐक. रड ना. थोडंसं रड. आईसाठी, बाळासाठी, कुणासाठीही. माझ्यावर चिडून रड. हे मी केलंय गं."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा हलला. ओठ थरथरले, डोळे बारीक झाले. तिने खरोखरच प्रयत्न केला, त्याला दिसला तो. मग सगळं पुन्हा जागच्या जागी गेलं.

"किती दमलायस," ती म्हणाली. "आधी जेवून घे. रडायचं नंतर बघू."

तिने त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, तो चार वर्षांचा असताना घेतलं होतं तसंच. तिचा हात जड आणि ऊबदार होता.

त्याचा कान तिच्या पोटाशी टेकला. आत कुठेतरी उंचावरून पाण्याची धार पडत होती.

तो श्वास रोखून ऐकत राहिला. सव्वीस वर्षांचा कान होता, तो चुकत नव्हता.

आवाज बारीक होत चालला होता.