तळपायांची नजर

तळ्याकाठच्या पायवाटेवर ती बाजूच्या पायऱ्या उतरून धावत आली, आणि कुणीतरी थेट तिच्या खांद्यावर येऊन आदळलं. ना पावलांची चाहूल, ना हाक! ती गवतात बसली... म्हणजे पडलीच, पण पडलो असं कबूल कोण करतं?

"डोळे आहेत की बटणं?" ती कडाडली.

"चूक माझीच. लागलं का फार?"

तो हात पुढे करून उभा होता. उंच, काटकुळा. आणि तिच्याकडे बघत होता. सरळ, एकटक... जणू त्या अख्ख्या सकाळीत बघण्यासारखं तेवढंच होतं.

"बटणंच असावीत," तो गंभीरपणे म्हणाला. "तपासून घ्यायला हवीत."

"मग या की. चौकातलं चष्म्याचं दुकान आमचंच. डोळे मीच तपासते."

"अरे देवा! म्हणजे धडकलो तोही नेमका—"

"नेमक्या चुकीच्या माणसाला," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून उठली. तेव्हा तिला त्याचे बूट दिसले. बूट कसले, पायाला घातलेले मोजेच! तळ इतका पातळ, की एकेक बोट वेगळं ओळखू यावं. तिच्या पायांत मात्र गादीसारखे गुबगुबीत, महागडे जोडे होते.

"हे घालून धावता? खडे टोचत नाहीत?"

"टोचतात की," तो हसला. "म्हणून तर कळतं खडे कुठे आहेत ते."

तळ्यावर धावणारी मंडळी त्याला 'बोका' म्हणत. पाऊल वाजायचंच नाही ना त्याचं! बोका व्हायोलिनं दुरुस्त करायचा. जुन्या बाजारामागे त्याची खोली होती. तिथे भिंतीवर व्हायोलिनं टांगलेली आणि हवेत सरसाचा, लाकडाच्या भुशाचा वास. हे सगळं तिला हळूहळू कळत गेलं, कारण दुसऱ्या दिवसापासून दोघं बरोबरच धावायला लागली. कसं, ते विचारू नका. वाट एकच होती, वेळ एकच होती. आणि थोडा लबाडपणाही होता — दोघांचाही.

एका रविवारी तो म्हणाला, "बूट काढा."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"लोक धापा टाकतायत. त्यांना बोलायला दम कुठाय?"

तिनं बूट काढले, मोजे काढले, आणि पाऊल टाकलं.

अगं बाई! दवानं भिजलेलं गवत, खाली गार माती, मग उन्हानं नुकता कोमट झालेला दगड... इतकी वर्षं धावत होती ती, पण जमिनीची आणि तिची ओळखच नव्हती. लहान मूल पहिल्यांदा समुद्र बघून थबकतं, तशी ती थबकली. डोळ्यांत पाणी का आलं, तेही कळेना.

"बोलते ना जमीन?" त्यानं हळूच विचारलं.

"बोलते," ती म्हणाली. "मीच कानांत बोळे घालून फिरत होते."

मग तिनंही पातळ तळाचे बूट घेतले. "एकदम उड्या मारू नका, पोटऱ्या संप करतील," त्यानं बजावलं. तिनं ऐकलं नाही. पोटऱ्यांनी संप केला. दुकानात ती भिंत धरून चालायची आणि काउंटरवर बसलेली ताई म्हणायची, "प्रेमात माणसं आंधळी होतात असं ऐकलं होतं. तू लंगडी झालीस!"

"ताई, काहीतरीच तुझं!"

पण गाल लाल व्हायचे ते झालेच.

एक गोष्ट मात्र खटकायची. डोळे तपासायचा विषय काढला की बोका हसून टाळायचा. आणि एके दिवशी आपण होऊनच दुकानात आला. मुकाट्यानं यंत्रासमोर बसला, हनुवटी टेकवली.

"समोर बघत राहा, कुठेही ठिपका चमकला की बटण दाबा," ती म्हणाली.

ठिपके चमकत राहिले. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. बटण वाजेचना. मधल्या एका छोट्या वर्तुळात मात्र एकही ठिपका चुकला नाही.

कडेचं त्याला काहीच दिसत नव्हतं. पायऱ्यांवरून उतरणारी ती त्याला दिसलीच नव्हती... आणि ती म्हणाली होती, बटणं!

"तुम्हाला माहीत होतं?"

"केव्हाचं. नजरेच्या कडा हळूहळू आत येतायत. कुठे थांबतील, कुणी सांगत नाही." तो उठला. "तुम्हाला सांगायला तोंड उघडेना, म्हणून यंत्राला सांगायला लावलं. तुम्ही गुंतायच्या आत कळायला हवं होतं. उशीर तर नाही ना झाला?"

ती काही बोलायच्या आत तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तळ्यावर बोका नव्हता. त्यानंतरही नाही.

आतल्या खोलीत ताईनं तिला जवळ घेतलं. "खरं सांग. कीव येतेय त्याची?"

"कीव? ताई, मला संताप आलाय! परस्पर ठरवून मोकळा झाला. मला विचारलं का त्यानं?"

ताईनं तिला हलकेच दूर सारलं. मग म्हणाली, "जा मग. हे त्याच्याशी भांड. माझ्याशी कशाला?"

तो टेकडीवर धावतो, असं तळ्यावरच्या एका आजोबांनी सांगितलं. ती पहाटे टेकडीच्या पायथ्याशी पोचली. उजेड जेमतेम फुटत होता. वळणावर तो दिसला, आणि ती जागीच उभी राहिली.

काय धावत होता तो! वाटेवर मुळं, दगड, घसरती माती. कडेचं काहीच न दिसणारा माणूस, पण पाऊल टेकायचं, क्षणभर जमिनीला विचारायचं आणि मग भार घ्यायचं. कुठे अडखळ नाही, कुठे घाई नाही. तळपायांनाच डोळे फुटलेत जणू! देवळात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसा तिच्या आतला संताप खाली आला. ती त्याच्या मागून धावू लागली — त्याच मुळांवरून, त्याच दगडांवरून, पावलात पाऊल टाकत.

माथ्यावर तो थांबला. न वळताच म्हणाला, "टाच अजून जोरात आपटतेस."

आपटतेस! 'तुम्ही' कुठल्याशा वळणावर गळून पडलं होतं.

"भांडायला आलेय," ती धापा टाकत म्हणाली.

"भांड."

पण समोर सूर्य वर येत होता. दरीतलं धुकं गुलाबी झालं, मग सोनेरी, आणि ओढ्याची एक रेघ लखलखली. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"उशीर झालाय," शेवटी ती म्हणाली. "तू विचारलं होतंस ना? झालाय. फार उशीर. मी गुंतलेय."

"पुढे कदाचित मला काहीच..."

"पुढचं मलाही दिसत नाही. कुणाला दिसतं?"

वाऱ्यानं तिचे केस विस्कटले. मग तो हळूच म्हणाला, "मला कडेचं दिसत नाही. पण मधलं लख्ख दिसतं. तू... मधोमध राहशील?"

ती सूर्याकडे पाठ करून त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. अगदी समोर. तो बघत राहिला. कितीतरी वेळ, एखादं दुर्मीळ व्हायोलिन पहिल्यांदाच हाती यावं तसा.

"दिसले का?" तिनं विचारलं.

"सूर्य झाकलास माझा," तो म्हणाला. "झाकूनच ठेव."

ती हसली, रडली, पुन्हा हसली. मग त्यानं हात पुढे केला. "चल, उतार अवघड आहे."

"कुणी कुणाला धरायचं?"

"खाली पोचलो की ठरवू."