कंठद्वार

त्या काळात मिरजेत खोकला ऐकू यायचा तो फक्त वद्य पक्षात. शुक्ल प्रतिपदेच्या सकाळी घरोघरी निढासच्या बाटल्या कपाटातून बाहेर निघत, जिभेखाली थेंब पडत आणि तासाभरात सगळं गाव गप्प होई. पौर्णिमा झाली की बाटल्या परत कपाटात जात. मग पुढचा पंधरवडा गाव असं काही खोकत राही की परगावच्या पाहुण्याला वाटावं, इथं कुणी मिरच्यांची धुरी दिली आहे की काय.

पूर्वेकडची माळरानं ओसाड पडून बरीच वर्षं झाली होती. तिकडून येणारी तांबडी धूळ इतकी बारीक होती की तिला ना पडदा अडवी ना नाक. ती घशात बसे आणि ढास लागे. कफ नाही, ताप नाही, नुसता कोरडा, न थांबणारा खोकला. निढास हा त्यावरचा उतारा. औषध शोधलं दुसऱ्यांनी, पण ते कसं घ्यावं हे ठरवलं मिरजेच्या डॉ. ओवी मेस्त्री हिनं. पंधरवड्याची युक्तीही तिचीच. लोक तारीख विसरतात, तिथी विसरत नाहीत, असं ती म्हणे, आणि चतुर्थीच्या उपासापुरतं तरी ते खरं होतं.

निढास घशावर कामच करत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसे. घशात काही खुपलं की त्याची वर्दी मेंदूच्या पार तळाशी, मानेच्या वर जो देठासारखा भाग असतो तिथं जाते आणि तिथून खोकल्याचा हुकूम सुटतो. ओवीच्या प्रयोगशाळेत या जागेला कंठद्वार म्हणत. निढास हे दार लोटून घेतं. धूळ घशात असतेच, वर्दीही जाते, पण दारच बंद म्हटल्यावर हुकूम बाहेर येणार कुठून? सोय मोठी होती आणि धोकाही तिथंच होता. ढास ज्या दारातून येते त्याच दारातून ठसकाही येतो. पाण्याचा घोट चुकून श्वासनळीत गेला की ठसका लागतो, आपण पोराच्या पाठीवर थाप मारून ‘वर बघ, चिमणी’ म्हणतो. तो ठसका पोराचा जीव वाचवत असतो. दार फार दिवस लोटलेलं राहिलं तर गंजतं. मग घास फुप्फुसात उतरला तरी माणसाला पत्ता लागत नाही.

म्हणून ओवीचे नियम कडक होते. पंधरवडाभर घ्या, पंधरवडाभर सोडा. कफाचा खोकला असेल तर बाटलीला हात लावू नका, कफ बाहेरच पडला पाहिजे. झोपेच्या गोळीबरोबर घेऊ नका, घेऊन गाडी चालवू नका, लहान मुलांना तर नाहीच. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, तेव्हा पाणी जास्त प्या. आणि रोज सकाळी चहाच्या आधी लिंबाच्या अर्काची वाफ हुंगा. ठसका लागला तर दार जागं आहे. नाही लागला तर थेंब बंद करा आणि डॉक्टर गाठा. खुद्द ओवीला मात्र हे औषध सोसत नसे. एका थेंबातच तिला गुंगी येई. त्यामुळं गावाला गप्प करणारी ही बाई स्वतः बारा महिने तोंडाला फडकं लावून खोकत असे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिचे सासरे हृषीकेश मेस्त्री तंबोरे करत. घरात त्यांना अण्णा म्हणत. त्यांची एक जुनी खोड होती. कुठल्याही दारातून आत येण्याआधी ते खाकरत. दाराला घंटी होती, सून डॉक्टर होती, डोक्यावर पदर घेणारं कुणी त्या घरात उरलं नव्हतं. पण बायकामाणसं असलेल्या घरात पुरुषानं वर्दी देऊन शिरावं, ही त्यांच्या वडिलांची शिस्त अंगात मुरली होती. ओवीला आधी हसू येई, मग सवय झाली, मग त्या खाकरण्याचा आधार वाटू लागला. तिचा नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातला बराच काळ समुद्रात. घरात ती आणि अण्णा दोघंच होते.

अण्णांची बायको तेजश्री होळीपासून रुग्णालयात होती. जन्मभर नवऱ्याच्या तंबोऱ्यांचे भोपळे घासले, त्यांना रोगण लावलं, आणि आता धुळीनं तिची फुप्फुसं झिजली होती. अशा रुग्णांसाठी वेगळा स्वच्छ कक्ष होता. दुसऱ्याच्या खोकल्यातून उडालेला कणही तिथं कुणाचा तरी प्राण घेऊ शकला असता, म्हणून दारात एक ऐकणारं यंत्र होतं. माणूस खोकला की दार उघडत नसे. ओवीनं सासूला काचेतूनच बघायचं. अण्णा मात्र दुपारी आत जात, खुर्ची ओढून बसत आणि गावभरच्या उचापती सांगत. तेजश्री डोळे मिटून ऐके आणि तेवढ्या वेळात चार घास खाई. दुसऱ्या कुणाच्या हातून खात नसे.

शुक्ल पक्षात अण्णा तिकडे असत हे ओवीला माहीत होतं. वद्य पक्षात ‘कारखान्यात जातो’ म्हणून निघत. घरी असले की खोकत, सकाळी त्यांच्या खोलीतून वाफेचा ठसका ऐकू येई. ओवी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐके आणि निश्चिंत मनानं चहा गाळे.

ज्येष्ठातल्या वद्य पक्षात एका दुपारी दोघं जेवायला बसली. अण्णांनी आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, “मीठ विसरलीस की काय गं?”

ओवीचा हात ताटातच थांबला. त्यांचा आवाज ओला होता, तोंडात पाण्याची गुळणी धरून बोलल्यासारखा. आमटी स्वरपडद्यांवर साचली होती. कुणीही अशा वेळी खोकून बेजार झालं असतं. अण्णा शांतपणे दुसरा घास कालवत होते.

ती उठली, आत जाऊन वाफेची नळी भरून घेऊन आली. “अण्णा, हुंगा जरा.”

“आता? जेवताना?”

“हुंगा.”

अण्णांनी हुंगलं आणि झकास खोकून दाखवलं. डोळ्यांना पंचाही लावला.

“हे साधं पाणी होतं अण्णा,” ओवी म्हणाली. “यात लिंबू नव्हतंच.”

अण्णांनी ताट बाजूला सारलं. लबाडी पकडली गेलेल्या म्हाताऱ्याचं तोंड फार बघवत नाही. ओवीनं दुसरी नळी भरली, खऱ्या अर्काची. ती हुंगून अण्णांनी तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं, घशातून काही आलं नाही.

“कधीपासून?”

“होळीपासून रोज घेतोय. पौर्णिमा-बिर्णिमा काही बघितली नाही.”

“आणि घरात खोकत होता ते?”

“ते काय, माणूस मनात आणलं की खोकतो. खाकरून घरात शिरायची सवयच आहे मला. कारखान्यात म्हणून सांगायचो आणि तिच्याकडं जायचो.”

ओवीनं नळी बाजूला ठेवली. मनानं काढलेला खोकला मेंदूच्या वरच्या मजल्यावरून येतो आणि ठसका तळमजल्यावरून, हे तिनं गावोगाव भाषणांत सांगितलं होतं. वरचा मजला शाबूत असेल तर तळमजला पडला तरी माणूस हवा तेव्हा खोकू शकतो. हे सगळं ठाऊक असून ती दारातलं खाकरणं ऐकून निर्धास्त राहिली होती. ते तिला तपासणीसारखं वाटलंच नव्हतं, ते घरातलं वाटलं होतं.

संध्याकाळी अण्णांच्या छातीचं चित्र काढलं. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी डाग होता. आमटी, चहा, पाणी, सगळं थोडंथोडं तिथं जात होतं.

“गळ्याची जवारी बिघडलीय हे मला कळत होतं,” अण्णा म्हणाले. “तंबोऱ्याची तार नीट झणझणली नाही की मला लगेच समजतं, मग स्वतःचा आवाज समजणार नाही? आता थेंब बंद केले तर?”

“आठवड्याभरात दार किलकिलं होईल. ठसका परत येईल.”

“आणि ढास?”

“तीही येईल. दार एकच आहे.”

“मग मला आत सोडणार नाहीत.”

“नाही.”

“आणि घेत राहिलो तर?”

“मग ते कदाचित कधीच उघडणार नाही. जपून जेवावं लागेल जन्मभर. तरी जीव जायला एखादा घास पुरेल अण्णा.”

अण्णा थोडा वेळ बोटांनी मांडीवर ताल धरल्यासारखं करत राहिले. मग म्हणाले, “तेजूचं काय ते खरं सांग. डॉक्टर म्हणून सांग, सून म्हणून नको.”

ओवीनं खरं सांगितलं. तेजश्रीचा पावसाळा निघणार नव्हता.

“झालं तर. मी माझा घसा सांभाळत घरात बसायचं आणि तिनं तिकडं उपाशी मरायचं, होय? माझ्यानं व्हायचं नाही ते. तुला नसेल द्यायचं तर नको देऊ, बाजारात मिळतंय.”

“दारावरचं यंत्र फसवून मी तुम्हाला आत सोडू शकत नाही. तिथं दुसऱ्यांच्याही आया आहेत.”

“मी कुठं म्हटलं फसव म्हणून? मी माझ्या घशाचं बोलतोय.”

ओवीनं रात्रभर विचार केला आणि सकाळी बाटली स्वतःच्या ताब्यात घेतली. अण्णांनी बाजारातून आणून चोरून घेण्यापेक्षा तिच्या हातून घेतलेलं बरं, असं तिनं मनाला समजावलं. मनाला ते पटलं नाही. तरी रोज ती थेंब मोजून त्यांच्या जिभेखाली सोडू लागली. आमटी बंद झाली, ताकात सातूचं पीठ कालवून घट्ट केलं, पाणीही खळीसारखं दाट. ताठ बसायचं, हनुवटी छातीला टेकवून गिळायचं, घास तोंडात असताना बोलायचं नाही. ती समोर बसून प्रत्येक घास गिळेपर्यंत बघत राही. आपणच लिहिलेले नियम आपण एकेक करून मोडतो आहोत आणि ज्याच्यावर मोडतो आहोत तो माणूस आपल्याला वडिलांच्या जागी आहे, याचं दुःख ती कुणापाशी बोलली नाही.

तेजश्री आषाढात गेली. अण्णा तिच्या उशाशी होते. समोरच्या आळीतल्या कुणाच्या तरी लग्नाची भानगड सांगत होते, आणि ती ऐकता ऐकता गेली.

ओवीचा नवरा जहाजावरून पोचू शकला नव्हता. अंत्यविधी आटोपून बाकी सगळे घरी आले. अण्णा भिंतीला टेकून बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा दगडी. ओवी ओठ घट्ट मिटून उभी होती. सासऱ्यांच्या देखत आपण कोसळलो तर त्यांना कोण सावरणार, म्हणून तिनं दिवसभर स्वतःला आवळून धरलं होतं.

“ओवी,” अण्णांनी हाक मारली. “इथपर्यंत येतंय गं.” त्यांनी छातीवर हात ठेवला. “इथपर्यंत येतं आणि थांबतं. वर चढत नाही. मला रडता येईना.”

“डोळ्यांत पाणी आहे की अण्णा.”

“ते रडणं नव्हे. हुंदका येईना. सकाळपासून वाट बघतोय.”

ओवीला एकदम उमगलं. हुंदका माणूस मनानं काढत नाही. तोही तळमजल्यावरूनच येतो, त्याच दारातून. वाफेनं तिनं आणि तिच्या प्रयोगशाळेनं ठसका तपासला होता, गावोगाव, वर्षानुवर्षं. हुंदका कुणीच तपासला नव्हता. तो कसा तपासायचा असतो?

“खोकल्यासारखं मनानं काढून बघितलं,” अण्णा म्हणाले. “नुसता आवाज होतो. तेजूसाठी खोटं नको वाटलं. तू ते औषध घेत नाहीस ना? मग तू रड. मोठ्यानं रड बाळ, लाजू नकोस. मी ऐकतो.”

तेव्हा ओवीचा बांध फुटला. ती जमिनीवर बसली आणि सासूसाठी, अण्णांसाठी, आपल्या हातानं सोडलेल्या एकेका थेंबासाठी हमसून हमसून रडली. अण्णा डोळे मिटून, मान किंचित कलती ठेवून ऐकत होते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिनं वर पाहिलं तर दारात आळीतली माणसं उभी होती. मागं जिन्यातही होती. तिथीनं औषध घेणारी, रोज सकाळी वाफेला इमानानं ठसका देणारी, तिचे नियम अक्षरशः पाळणारी माणसं. कुणी ‘सावर’ म्हणालं नाही, कुणी पाणी आणलं नाही. आवाज न करता ती आत सरकत होती, ऐकत होती.

ओवीचा हुंदका ओसरू लागला तशी समोरच्या रेवाकाकू पुढं आल्या. गेल्या वर्षी त्यांचा तरणाताठा मुलगा गेला होता. तेव्हा त्यांच्या तोंडातून चकार शब्द निघाला नव्हता, आणि केवढी धीराची बाई म्हणून सगळ्या आळीनं त्यांना नावाजलं होतं. ओवीनंही. त्या तिच्याजवळ बसल्या, त्यांनी तिचा हात धरला.

“थांबू नको गं पोरी,” त्या म्हणाल्या. “आमच्या सौमित्रसाठीपण थोडं रड.”