भिंतीपलीकडचा पंखा

विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण हे घडलंय. ज्या बाईच्या घरात घडलं, ती आजही माझ्या शेजारी राहते. आमच्या दोघींच्या मध्ये एक कुंपण आहे, तेवढंच.

गाव कायानी, उत्तर फिनलंडच्या वाटेवरचं. नोव्हेंबर महिना. वार शनिवार.

भुताच्या गोष्टीला मध्यरात्र लागते म्हणतात. ही संध्याकाळी पाचची आहे. आमच्याकडे नोव्हेंबरात पाचला अंधार पडून बराच वेळ झालेला असतो, त्यामुळे कुणाला जागत बसावं लागत नाही.

बाईचं नाव इर्या. सत्तरीच्या उंबरठ्यावरची. नवरा एन्सिओ फेब्रुवारीत गेला. मुलगी काइसू लांब तांपेरेला.

एन्सिओने जन्मभर टेलिफोन खात्यात तारा जोडल्या. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा त्याने घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरमध्ये दोन सिस्टिम बसवल्या. एक इर्याची, दुकानातून विकत आणलेली. दुसरी त्याची, फुकटची. बटण दाबलं की काळ्या स्क्रीनवर दोन ओळी यायच्या. वर एन्सिओ, खाली इर्या. आपापली ओळ निवडायची. काहीच निवडलं नाही, तर मशीन थोडं थांबून, शेवटी जो बसला असेल त्याच्या ओळीने चालू व्हायचं.

एका घरात दोन बिऱ्हाडं.

"तू भाडेकरू, मी घरमालक," एन्सिओ तिला चिडवायचा.

"मग घरमालक, भांडी पडलीत तेवढी घासा," इर्या म्हणायची.

या दोन बिऱ्हाडांचं एकाच गोष्टीवरून जमत नव्हतं. घड्याळ.

एन्सिओची सिस्टिम मशीनच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ लिहून ठेवायची. इर्याची सिस्टिम तीच वेळ आपली, म्हणजे फिनलंडची समजायची. त्यामुळे तो बसून उठला की हिच्या स्क्रीनवरचं घड्याळ मागे पडलेलं असायचं. हिवाळ्यात दोन तास. उन्हाळ्यात तीन.

एका ओळीची दुरुस्ती होती ती. पण "माझं बरोबर आहे, तुझ्या सिस्टिमने शिकावं" म्हणून त्याने ती केली नाही. आणि "मी का म्हणून सांगू" म्हणून हिने सांगितली नाही. आमच्याकडची माणसं अशीच, मोडतील पण वाकणार नाहीत. ती मुकाट्याने घड्याळ पुढे करायची आणि कामाला लागायची. वर्षानुवर्षं.

घड्याळ मागे म्हणजे एन्सिओ बसून गेला. हे तिला विचारावं लागत नव्हतं.

आता शनिवारचं सांगते. शनिवारी घरोघरी सॉना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापतो. इर्याकडे सॉनाची खोली आणि कॉम्प्युटरची खोली यांच्यात एकच लाकडी भिंत. आधी इर्या जायची, कारण एन्सिओला फार कडक वाफ लागायची. तिचं होईपर्यंत तो पलीकडे कॉम्प्युटरवर. मशीन जुनं, त्याचा पंखा घरघरायचा, तो भिंतीतून ऐकू यायचा. आपलं झालं की इर्या भिंतीवर दोनदा ठोकायची.

मग पंखा थांबायचा. खुर्ची करकरायची. आणि तो यायचा.

कधी कधी तो ठोकायच्या आधीच यायचा आणि दाराची कडी हलवायचा. "थांब जरा, माझं व्हायचंय," ती आतून म्हणायची. मग तो कुरकुरत परत जाऊन बसायचा.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी तिने दोनदा ठोकलं.

पंखा थांबला नाही.

तिने पुन्हा ठोकलं. "बहिरा झालास का रे?" म्हणून ओरडली.

पंखा चालूच...

ती टॉवेल गुंडाळून गेली तेव्हा तो खुर्चीत बसलेला होता. चष्मा नाकावर. स्क्रीन चालू. हात अजून गरम होता, असं ती सांगते.

ती रडली नाही. लोकांनी आणलेले गोड पाव तिने फ्रीजमध्ये नीट रचून ठेवले. काइसू आठवडाभर राहून गेली, तिला स्टेशनवर हात केला. हात अंगाखाली येऊन बधिर होतो ना, तसं तिचं सगळंच झालं होतं. दिसत होतं आपलंच, पण लागत काही नव्हतं.

सॉना ती दर शनिवारी तापवायची. शनिवार होता म्हणून.

फक्त ठोकत नव्हती.

रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की त्या दोन ओळी यायच्या. खूण तिच्याच ओळीवर असायची, कारण बसणारं आता तेवढंच एक माणूस. ती वरच्या ओळीकडे बघायची. त्याचा पासवर्ड तिला माहीत नव्हता. जिवंतपणी विचारला नाही, मेल्यावर कुणाला विचारणार? बघायची आणि खालची ओळ निवडायची. दिवसातलं तेवढंच एक काम ती मनापासून करत होती.

ऑक्टोबरच्या शेवटी तिच्या सिस्टिमने स्वतःहून एक मोठं अपडेट घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्या ओळी आल्याच नाहीत. मशीन थेट तिच्या बाजूला उघडलं. बंद करून परत लावलं. तेच.

"एन्सिओची ओळ गेली," ती फोनवर म्हणाली.

"बरं झालं की आई," काइसू म्हणाली. "ताइस्तोकाकांना बोलव आणि बाबांची बाजू पुसूनच टाकायला सांग. नाहीतरी कुणाला उघडता येत नाही. किती दिवस ठेवणार आहेस?"

"बघते," इर्या म्हणाली.

तिने कुणालाही बोलावलं नाही.

मग एका रविवारी काइसूची मेल आली. *आई, मी आत्ता अकराला विचारलं, आणि तुझं उत्तर नऊचं कसं? मनकवडी झालीस की काय?*

इर्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. नऊ. भिंतीवर पाहिलं. अकरा.

सवयीने तिने घड्याळ दोन तास पुढे केलं. उठली. कॉफी ओतली. अर्धी प्यायली.

आणि मग तिचा कप हातातच राहिला.

घड्याळ मागे होतं...

सोमवारी ठीक होतं. मंगळवारीही. आठवडाभर ठीक.

पुढच्या रविवारी पुन्हा दोन तास मागे.

त्यानंतरच्या शनिवारी तिने दुपारीच कॉम्प्युटर बंद केला. स्वतःच्या हाताने. खुर्ची टेबलाखाली सारली. खोलीचा दिवा घालवला आणि सॉनात जाऊन बसली.

तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ फुसफुसत वर गेली. फुसफुस हळूहळू कमी झाली.

आणि त्या फुसफुसीच्या खालून दुसरा आवाज वर आला...

घरघर.

भिंतीपलीकडे पंखा चालू होता.

"भीती नाही वाटली?" मी तिला नंतर विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "लग्नापासून प्रत्येक शनिवारी कुणीतरी पलीकडे असायचं. मला वाटलं, शनिवार आहे."

आणि तिचा हात आपोआप उठला. भिंतीवर दोनदा ठोकलं.

पंखा थांबला.

...

खुर्ची करकरली.

बास. पुढे काही नाही. ना पावलं, ना दार. दगड गार होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. बाहेर आली तेव्हा कॉम्प्युटर बंद होता. खुर्ची मात्र टेबलापासून मागे सरकलेली होती आणि तिचं तोंड दाराकडे होतं.

सोमवारी सकाळी तिने ताइस्तोला बोलावलं. ताइस्तो म्हणजे एन्सिओचा खात्यातला जोडीदार. बुटक्या अंगाचा, कमी बोलणारा, तीन घरं सोडून राहणारा. तिने त्याला फक्त घड्याळाचं सांगितलं, दर रविवारी मागे पडतं ते.

"आतला सेल संपला असेल," ताइस्तो म्हणाला.

"सेल संपला तर बरोब्बर दोन तासच मागे पडेल?"

"नाही. वाटेल तसं पडेल. बरोब्बर दोन म्हणजे..." त्याने मान खाजवली. "म्हणजे त्याची बाजू कुणीतरी लावतंय."

"कोण लावणार? ती ओळच येत नाही."

ताइस्तोने मशीन मागेपुढे करून पाहिलं. "तुझ्या अपडेटने सुरू होण्याच्या रांगेत स्वतःला पुढे घातलंय, एन्सिओला मागे ढकललंय. त्याच्या बाजूला जायला वाट नाही. आत सगळं जसंच्या तसं आहे, पण वाट नाही." मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "इर्या, पुसून टाकू? की वाट मोकळी करू? दोन्हीला सारखाच वेळ लागेल. पुसलं तर घड्याळाची कटकट जाईल कायमची."

इर्याने खिडकीबाहेर पाहिलं. त्या क्षणी, ती सांगते, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा तिला काहीतरी लागलं. छातीत, सुईसारखं. पुसलं तर एन्सिओ या घरात कुठेच उरणार नव्हता. त्याचे कपडे काइसूने केव्हाच देऊन टाकले होते.

"ओळ आण परत," ती म्हणाली.

त्याने पेन ड्राइव्ह लावला, मशीन त्याच्यावरून चालू केलं, काळ्या स्क्रीनवर काहीबाही टंकलं, रांग पुन्हा बदलली. बंद केलं. लावलं.

दोन ओळी आल्या. वर एन्सिओ. खाली इर्या.

खूण वरच्या ओळीवर होती.

"नवीन यादी आहे, म्हणून पहिल्या ओळीवर," ताइस्तो म्हणाला. त्याने खालची ओळ निवडली, तिची बाजू उघडून दाखवली. "आता शेवटची बसलेली तू. परत लावलं की खूण तुझ्यावर येईल, बघ."

त्याने परत लावलं.

खूण वरच्या ओळीवर होती.

त्याने अजून एकदा केलं. मग पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला.

"कॉफी घे अजून," इर्या म्हणाली.

"नको."

ताइस्तोने दुसरा कप नाकारलेला या गावात कुणी पाहिला नव्हता. दारात बूट चढवताना तो खाली मान घालून म्हणाला, "एकटी असलीस की सॉना तापवू नकोस."

तिने तापवला. शनिवार होता.

या वेळी तिने काही बंद केलं नाही. कॉम्प्युटर लावला, त्या दोन ओळी येऊ दिल्या आणि कशालाही हात न लावता खोलीतून निघून आली. काय निवडायचं ते मशीनने निवडावं.

सॉनात बसली. पंखा घरघरत होता. आणि त्या घरघरीत, अगदी बारीक, टकटक... टक... टकटक. एन्सिओ दोन बोटांनी टंकायचा.

तिला बरं वाटलं. ती सांगते, इतकं बरं वाटलं की तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि वाफेत ते कुठलं ते कळेना. ती बराच वेळ तशीच बसली. पाणी टाकलं. पुन्हा टाकलं.

मग तिने भिंतीवर दोनदा ठोकलं. या वेळी मुद्दाम.

टकटक थांबली.

पंखा थांबला.

खुर्ची करकरली...

आणि पावलं उठली.

सावकाश, मोज्यातली. खोलीतून बाहेर. ओट्यासमोरून. कपडे बदलायच्या खोलीत. तिथली फळी एन्सिओच्या पायाखाली दबायची, तशीच दबली.

सॉनाच्या दाराखालून गार हवा आत आली. एवढ्या वाफेत तिची पावलं गारठली.

दाराची कडी हलली.

तेव्हा इर्याला भीती वाटली. बधिर हातात रक्त परत फिरतं तेव्हा कळ येते ना, तशी सगळीकडून एकदम. नऊ महिन्यांत तिला पहिल्यांदाच कळलं, की आपल्याला जगायचंय. दार उघडलं तर काय दिसेल ते तिला बघायचं नव्हतं.

कडी अर्धी वर गेली.

"थांब जरा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा निघाला, कसा ते तिलाही माहीत नाही. "माझं व्हायचंय अजून."

कडी तशीच अर्धी वर...

मग हळूच खाली आली.

फळी दबली. पावलं परत गेली. जाताना कुरकुर ऐकू आली, असं ती शपथेवर सांगते. खुर्ची करकरली.

आणि भिंतीपलीकडे पंखा पुन्हा सुरू झाला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. कॉम्प्युटर तोच आहे. काइसू अधूनमधून विचारते, "बाबांची बाजू पुसलीस का?" इर्या म्हणते, "बघते." रविवारी सकाळी ती घड्याळ पुढे करते आणि कॉफी ओतते.

शनिवारी सॉना तापवते. तो पलीकडे असतो, ती अलीकडे. तिचं आवरलं की ती पाय न वाजवता उठते, अंग पुसते, कपडे घालते आणि अंगणातल्या दाराने बाहेर पडते.

भिंतीला हात लावत नाही.

"कधीतरी ठोकावं लागेलच," परवा कुंपणापाशी ती मला म्हणाली. दुधाचा भाव सांगावा तशी म्हणाली. "तो बसून आहे बिचारा."

तिच्या सॉनाची बाहेरची भिंत माझ्या बाजूला आहे. आता शनिवारी तिच्या धुराड्यातून धूर निघाला, की मी घरातला रेडिओ बंद करते. आणि तो धूर विरेपर्यंत कान देऊन बसते.

ते दोन ठोके आज तरी ऐकू येऊ नयेत, असं मनात म्हणत.