बिस्किटपुढचे एक्केचाळीस ब्रेक

"एक्केचाळीस वेळा करकचून ब्रेक? डॉट आजी, तू डबे वाटायला जातेस की शर्यतीला?" टोबीने पत्र वाचता वाचता विचारलं.

आजी हसली नाही. टोबी आणि त्याची बहीण इमी सप्टेंबरच्या सुट्टीत बूंडराला यायचे, ते मुळी आजीच्या गाडीतून गावातल्या म्हाताऱ्यांना जेवणाचे डबे पोचवायला. आज डब्यांच्या टोपल्या ओट्यावरच होत्या. विमा कंपनीने आजीला 'धोकादायक चालक' ठरवून तिच्या गाडीचा विमा बंद केला होता, आणि विमा नाही तर डबे नाहीत, हा डबे पुरवणाऱ्या समितीचा नियम. बारा वर्षांचं तिचं काम हातातून चाललं होतं.

"पण कंपनीला कळलं कसं?" इमी म्हणाली. "मागच्या सीटवर बसली होती का ती?"

"गाडीच चुगली करत असेल."

दोघं गाडीत जाऊन बसले. पडद्यावर खुडबुड करता करता सापडलं: 'चालवण्याची माहिती विमा कंपनीला द्यावी: होय. मालकाची संमती, ३ जून, सकाळी ९.१०.'

"भलतंच काय! गाडी मी आणली दुपारी चारला," खिडकीतून डोकावत आजी म्हणाली. "सकाळी तर मी गावच्या मेळ्यात केकच्या स्पर्धेचं परीक्षण करत होते. समितीची नोएलीन शेजारीच होती की."

"मग नऊला गाडी कुणाकडे होती?"

"गाड्यांच्या दुकानात, गॅव्हिनकडे. त्यानेच विकली मला."

टोबीने फोन काढला. "गुपचूप त्याचं बोलणं रेकॉर्ड करू."

"न विचारता? मग त्याच्यात नि आपल्यात फरक काय?" इमीने त्याला झापलं. "नोएलीन मावशींनाच सोबत नेऊ."

दुकानात इमीने अगदी साळसूद चेहरा केला. "गॅव्हिनकाका, नवी गाडी घेतली की ते सगळं वाचून 'होय', 'नाही' दाबत बसावं लागतं का हो? आमच्या आईला फार कंटाळा आहे."

"छे गं," गॅव्हिन खुशीत आला. "गिऱ्हाईक यायच्या आधीच मी सगळीकडे 'होय' दाबून ठेवतो. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्याला कशाला ताप."

"माझ्याही गाडीत?" नोएलीन मावशींनी शांतपणे विचारलं.

गॅव्हिनचा चेहरा खर्रकन उतरला. इमीने पत्र पुढे केलं. "आणि हे बघा. सगळे ब्रेक दुपारी बाराच्या सुमारास, कूपर गल्लीच्या वळणावर."

"म्हणजे पर्सीच्या फाटकाशी," मावशी म्हणाल्या. "तिथे तर बिस्किट झोपतो."

पर्सी आजोबांचा कुत्रा बिस्किट ठार बहिरा. वळणापलीकडे भर रस्त्यात, रोज नव्या जागी आडवा.

"कंपनीला ब्रेक दिसला," टोबी म्हणाला. "कुत्रा नाही दिसला."

"मला विचारलं असतंस, गॅव्हिन, तर कदाचित मी हो म्हणालेही असते," इतका वेळ दाराबाहेर थांबलेली डॉट आजी आत येत म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण विचारायचं तरी."

ती संमती आजीची नव्हतीच, हे गॅव्हिनने स्वतः कंपनीला कळवलं, दोन दिवसांत विमा सुरू झाला, आणि आजीने स्वतःच्या बोटाने 'नाही' दाबलं. आता गॅव्हिन प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माफी मागत होता. "समितीत एवढी वर्षं काढली, पण मला हे सुचलं नसतं," टोपल्या गाडीत ठेवताना नोएलीन मावशी म्हणाल्या. "शाबास रे पोरांनो."

कूपर गल्लीचं वळण आलं. आजीने करकचून ब्रेक मारला. बिस्किटने एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

"बेचाळीस," टोबी म्हणाला.

"ते आपल्यातच राहू दे," आजी म्हणाली आणि डबा घेऊन खाली उतरली. पर्सी आजोबा फाटकाशी ताटकळत उभे होते.