आईचा न मावळलेला दिवस

"हात लावू नकोस त्याला!"

ताईचा आवाज असा काही चिरकला, की धाकटी दचकली आणि हातातल्या वायरला हिसका बसला. कट् असा बारीक आवाज झाला. इस्त्री लावायला प्लग मोकळा करावा एवढंच तिच्या मनात होतं. पण वायरचं धातूचं टोक आईच्या व्हिडिओ गेमच्या कन्सोलमध्ये मोडून आतच अडकलं होतं.

दोन्ही हातांत मावेल एवढा तो कन्सोल जेवणाच्या टेबलावर, आईच्या खुर्चीसमोर होता. आई गेल्यापासून तो तिथून हलला नव्हता. ताईने तो एखादं पाखरू उचलावं तसा उचलला, बटण दाबलं, आणि पडद्यावर उन्हातलं शेत उजळलं. पण बॅटरी जुनी झालेली; वायर तुटताच कोपऱ्यातली तिची खूण लाल झाली होती.

"गेलं..." ताई मटकन खाली बसली. "आईचा दिवस गेला गं!"

दुसऱ्या कोणाला हे वेडाचं बोलणं वाटलं असतं. धाकटीला त्यातलं अक्षरन् अक्षर कळलं.

त्या खेळातला नियमच तसा होता. दिवसभर नांगरा, पेरा, गाई धुवा, काय हवं ते करा. पण शेतकरीण रात्री बिछान्यात जाऊन झोपली, तरच तो दिवस जमा होतो. त्याआधी यंत्र बंद पडलं, तर त्या दिवसाचं सगळं पुसलं जातं. आणि आईने तिची शेतकरीण झोपवलीच नव्हती. 'जरा पडते' म्हणून कन्सोल बाजूला ठेवून तिने डोळे मिटले, ते पुन्हा उघडलेच नाहीत. खेळात मात्र दुपारचे तीन वाजून थांबले होते. शरद ऋतूचा शेवटचा दिवस! त्याच दिवशी आईने तळ्याकाठी नवी दगडी पायवाट घातली होती. शेतात भोपळे पिकून लालभडक झाले होते. शेतकरिणीला झोपवलं, की उद्या हिवाळा लागणार आणि उभं पीक एका रात्रीत करपणार. म्हणून ताईने तिला झोपवलं नव्हतं. वायर लावून ती दुपार तशीच उभी ठेवली होती... आईच्या हातची शेवटची दुपार!

"किती चालेल अशी?" धाकटीने विचारलं.

"आईच्या शेवटच्या दिवसांत अर्धा तासही टिकत नव्हती बॅटरी. तुला काय माहीत म्हणा! तू कुठे होतीस?"

हा टोमणा धाकटीने गेल्या काही दिवसांत अनेक रूपांत ऐकला होता. दर वेळी ती मान खाली घालून भांडी घासायला उठली होती. चार शब्दांत उत्तर देता आलं असतं. पण ते चार शब्द ताईच्या काळजात सुरीसारखे गेले असते...

आईचे पाय गेले, तेव्हा ताईने चष्म्याच्या दुकानातली नोकरी सोडली आणि भिंगं घासायचं यंत्र घरी आणून बसवलं. धाकटी दूरच्या शहरात, शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करणारी. एकदा फोनवर जुंपली आणि दमलेली ताई ओरडली, "पाहुणीसारखी दोन दिवस मिरवायला यायचं असेल, तर येऊच नकोस!" धाकटी यायला निघालीच होती. तिला आईनेच थांबवलं. "ती माझं सगळं करते गं. तिचा शब्द मोडून तू दारात आलीस, तर या घरात तिचा मान काय राहिला? तिचा राग जाऊ दे. तोवर तू शेतावर ये."

आणि धाकटी शेतावर येऊ लागली! कामावरून सुटली, की स्वतःचा कन्सोल घेऊन ती इंटरनेटवरून आईच्या खेळात शिरायची. तळ्याकाठी आईने तिला निळ्या छपराची झोपडी बांधून दिली होती. आई कानात इअरफोन घालून बसायची. हसायची, हुकूम सोडायची. जन्म चौथ्या मजल्यावर काढलेली, खरी माती नखात जाते म्हणून कुंडीसुद्धा न ठेवणारी बाई, पण गाजरं उपटताना काय तो उत्साह! ताई कष्ट उपसत असताना तिच्या नकळत आपण दोघी अशा हसलो, हे ताईला कळू द्यायचं नाही, असं धाकटीने ठरवलं होतं. आईची एकटी सोबतीण ताईच होती, एवढा एकच दागिना तिच्यापाशी उरला होता. तो कसा काढून घ्यायचा?

"तू नुसती झोपव तिला," ती कशीबशी म्हणाली. "दिवस तरी वाचेल."

"आणि भोपळे? उभे करपू देऊ? आईने लेकरांसारखे वाढवलेत ते!" ताईने अंगठ्याखाली आलं ते बटण दाबलं. पडद्यावरची शेतकरीण दोन पावलं चालली आणि कुंपणाला धडकली. "मला येत नाही गं हे... कसं चालवतात हिला?"

एवढं मोठं शेत, एकटी शेतकरीण, चालवणारी नवशिकी, आणि बॅटरी लाल. हे एकीचं काम नव्हतं. दोघी हव्या होत्या. धाकटीने डोळे घट्ट मिटले. मग उठली, बॅगेच्या तळातून स्वतःचा कन्सोल काढला आणि ताईच्या समोर बसली. खुलासा करायला वेळच नव्हता. निळ्या झोपडीचं दार उघडलं आणि गवती टोपी घातलेली एक छोटी मूर्ती धावत बाहेर आली.

ताईने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"बघतेस काय?" ताई म्हणाली. "भोपळे कुठून सुरू करायचे ते सांग!"

धाकटी क्षणभर चक्रावली. पण खेळातलं घड्याळ सुटलं होतं.

"उजवीकडून! खालचं बटण. ते नाही ताई, ती कुऱ्हाड आहे! ठेव ती, ठेव!"

"मग तसं आधी सांग ना! हं... निघाला! अगं, निघाला भोपळा!"

"मी गवत कापते. कोठार भरलं नाही, तर थंडीत गाय उपाशी राहील. तू सरळ ओळीने जा!"

"जातेय! अगं, पण ही उड्या का मारायला लागली?"

"घोड्यावर बसलीस तू!"

"मी कशाला बसेन घोड्यावर? उतरव मला! मेलं कुठे निघालं हे जनावर?"

घोडा ताईला घेऊन थेट नदीकडे निघाला. धाकटी खुर्चीतून अर्धी उठून ओरडत होती, "मागे, मागे!" आणि ताई कन्सोलसकट सगळं अंग मागे खेचत होती. आई गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कोणी मोठ्याने हसलं. दोघी एकदमच हसल्या.

"कोंबड्यांचं दार," ताई हळूच म्हणाली. "ते संध्याकाळी लावायचं असतं ना?"

"तुला कसं माहीत?"

"काम कर."

पडद्यावर अंधारून आलं. शेवटचा भोपळा निघाला, मका निघाला, कोंबड्या आत गेल्या. बॅटरीची खूण लुकलुकायला लागली. धाकटीने आपली मूर्ती झोपडीत पळवली आणि बिछान्यावर आडवी केली. "मी झोपले! दोघी झोपल्याशिवाय दिवस संपत नाही. जा ताई, पळ! दारातून आत, डाव्या हाताला बिछाना!"

ताईने शेतकरिणीला बिछान्यापाशी नेलं. पडद्यावर प्रश्न उमटला. झोपायचं? हो. नाही.

ताईचा अंगठा हलेना.

"दाब ना गं! बंद पडेल!"

"हो म्हटलं की संपलं..." ताई म्हणाली. "मीच कशी झोपवू तिला? रोज मी उठवायचे तिला..."

"ताई, मी तुला सांगायला हवं होतं. मी रोज संध्याकाळी..."

"माहीत आहे मला."

धाकटीने पडद्यावरून नजर उचलली.

"कानात ती बोंडं घालून तिला वाटायचं, आपण कुजबुजतोय. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायची! 'चिंगे, आज डबा नेला होतास का? चिंगे, खोकला कसा आहे?' मी विचारलं, तर म्हणायची, चिंगी म्हणजे कोंबडी! कोंबड्यांना कोणी खोकला विचारतं का गं?" ताईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ओठ मात्र हसत होते. "'येऊच नकोस' म्हणून बसले होते. शब्द मागे घ्यायला जीभ रेटेना. म्हणून रोज दुपारी हा खेळ चार्जिंगला लावायचे. चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात जायचे. तिचं हसणं ऐकायला मिळायचं मला... तुझ्यामुळे! आणि तू आलीस, तर तोंड शिवून बसलीस. मी टोमण्यावर टोमणे मारतेय, की आता तरी फटकन बोलेल, 'मी होते तिच्याजवळ!' तर ही भांडी घासतेय!"

"तुझं एकटीचं होतं गं ते... मला हिसकावून घ्यायचं नव्हतं."

"वेडी! मला एकटीला हवं होतं, असं सांगितलं कोणी?"

बॅटरीची खूण आता जवळजवळ दिसेनाशी झाली होती. धाकटीने पुढे होऊन आपला अंगठा ताईच्या अंगठ्यावर ठेवला. दोघींनी मिळून 'हो' दाबलं.

पडदा काळा झाला. भोपळ्यांचा ढीग चमकून गेला, मग दोन ओळी अक्षरं... दिवस जमा झाला होता!

आणि पडदा हळूहळू पांढरा होऊ लागला. बर्फ! छपरावर बर्फ, कुंपणावर बर्फ, मोकळ्या शेतावर बर्फ. ताईने मान वळवली. "मला नाही बघवत."

"ताई, बघ! अगं, बघ तरी... ती उठली!"

बिछान्याशेजारी शेतकरीण उभी होती. सकाळचे सहा वाजले होते, आणि कुठे जायचं ते कोणीतरी सांगेल म्हणून ती थांबली होती. ताईने श्वास रोखून अंगठा दाबला. शेतकरीण दार उघडून सरळ बर्फात निघाली, मागे इवल्या पावलांचे ठसे उमटवत.

"चालतेय गं!" ताई लहान मुलीसारखी ओरडली. "पण तशीच काय चालली? गारठेल ना ती! कानटोपी कुठे असते हिची?"

"पेटीत! घरात, खिडकीखाली—"

शेतकरीण दाराकडे वळली, आणि पडदा विझला.

धाकटीने घाबरून ताईकडे पाहिलं. ताईने विझलेला कन्सोल मांडीवर ठेवला आणि पदराने त्याची काच पुसली.

"असू दे. रात्रीची नीट झोपली आहे ती. तुझ्याकडचा एखादा दुरुस्तीवाला बघ, ते मोडलेलं टोक काढणारा. कानटोपी उद्या घालू." मग थोडं थांबून, तिच्याकडे न बघता तिने विचारलं, "उद्या सुट्टी आहे ना तुला?"

"नाही गं... उद्या हजर व्हायचंय."

"मग वाढवून घे," ताई म्हणाली. "आणि चिंगे, खोकला कसा आहे तुझा?"