स्टॉपिंग...

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. गोष्ट माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या धाकट्याची. शनिवार होता. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. ऑफिस अर्धं रिकामं, बाहेर लख्ख ऊन.

धाकट्याचं काम बॅकअपचं. ऑफिसच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये एक सर्व्हिस, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, गुपचूप चालू असते. ती रोज फायलींची प्रत त्याच्याकडे पाठवते. तिला चालू-बंद करायचं ते स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत कमांड लिहून.

त्याचा मोठा भाऊ, आमचा सगळ्यांचाच दादा, याच ऑफिसात होता. त्या शनिवारच्या चार महिने आधी गोदामाच्या आगीत गेला. त्याच्या लॅपटॉपचा वितळून गोळा झाला. तो गोळा धाकट्याच्या ड्रॉवरमध्ये होता.

तरी धाकट्याच्या स्क्रीनवर सगळ्या लॅपटॉपची जी यादी असते, तिच्यात त्या लॅपटॉपपुढे रोज एक दहाला एकच शब्द यायचा...

रनिंग.

धाकटा म्हणायचा, यादीचीच काहीतरी गडबड. पण हे वहिनींच्या कानावर गेलं. त्या रोज येऊन शेजारी बसायला लागल्या. नुसत्या त्या शब्दाकडे बघत. धाकट्याला ते बघवेना. खरं सांगायचं तर तो वैतागलाही होता.

"वहिनी, आज मी हे बंद करतो. किती दिवस जाळून घेणार स्वतःला?"

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"पण चालू आहे ना, भाऊजी," एवढंच म्हणून वहिनी तोंड धुवायला गेल्या.

त्यानं स्टॉप लिहिलं. एंटर दाबलं.

स्टॉपिंग...

बंद होता होता ती सर्व्हिस शेवटची प्रत पाठवते. एक फाईल आली. आवाजाची.

त्यानं हेडफोन लावला. आधी नुसता श्वास... मग की-बोर्डची टकटक. धाकट्याचीच, आत्ताची. मग...

"धाकट्या, बंद नको करू रे. इथं उजेड तेवढाच आहे."

त्यानं घाईघाईनं स्टार्ट लिहिलं. उत्तर आलं, सर्व्हिस थांबते आहे, पूर्ण थांबल्याशिवाय सुरू होणार नाही. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच.

वहिनी परतल्या. "झालं का बंद?"

"झालं," तो म्हणाला.

हल्ली वहिनींना झोप लागते. धाकट्याचे उपकार झाले म्हणतात.

याला सात महिने झाले. यादीत अजून तेच आहे...

स्टॉपिंग...

अशी अडकलेली सर्व्हिस जबरदस्तीनं मारून टाकायचीही कमांड असते. धाकटा ती रोज लिहितो आणि रोज पुसतो. मारल्यावर दादाचं काय होईल, हे कुणाला विचारणार?

आवाजाची तसली फाईल अजून रोज एक दहाला येते; परवा त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. बराच वेळ श्वास... मग दादाचा आवाज, पार थकलेला.

"झालं का रे?"

मी हेडफोन काढून टाकला. धाकट्यानं तो शांतपणे स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणाला, "होतंय, दादा. होतंय."

मी आता एकच्या आधीच जेवायला उठतो.